आधी शॉकअप बदलू नका
वळताना पुढून कट-कट येते म्हणून तुम्ही शॉकअप बदलायला निघालात, पण जरा थांबा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. तेव्हा कट-कट वाढली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट बघा, म्हणजे इंजिनाची ताकद वळत्या चाकाला पोचवणारा चाकाजवळचा सांधा. त्याचा रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, फाटला की ग्रीस उडून जाते अन् आत धूळ-पाणी शिरते. आमच्या लातूर-अंबाजोगाईकडे पावसाळ्यात काळी माती अशी चिकटते की फाटलेला बूट दिसतच नाही. म्हणून चाक आतून धुऊन मगच ग्रीसचे शिंतोडे शोधा. माझं तेच राहून गेलं, नुसत्या बुटावर भागलं असतं तिथं अख्खा जॉइंट बदलावा लागला. खड्ड्यात खटखट असेल तर सस्पेन्शनचे जोडदांडे (लिंक रॉड) अन् त्यातले रबरी बुश बघा. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं मात्र बहुधा चाकाच्या बेअरिंगची, ती दाखवल्याशिवाय लांब जाऊ नका.