शाळेच्या निसर्ग शिबिराच्या आठवणी लिहा

रेवा_सांगली: लेकीच्या शाळेतून चांदोलीच्या शिबिराचं संमतीपत्र आलंय. सोबत सामानाची यादी. टॉर्च, ताट-वाटी, पांघरूण. वाचता वाचता मी सागरेश्वरलाच पोचले! आठवीत होतो. देवराष्ट्र्यापर्यंत लाल एसटी, पुढं चालत. रात्री वनरक्षक काकांनी सगळ्यांचे टॉर्च बंद करायला लावले. "आता कुणी हूं का चूं करायचं नाही." बऱ्याच वेळानं खालून 'ढाँक्' असा आवाज आला. सांबर. "त्याला आपला वास लागलाय," काका कुजबुजले. मागं बसलेल्या मैत्रिणीनं माझा हात असा धरला की सकाळीही नखांचे वण होते. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावली, हरणं सोडली आणि १९८५ ला त्याचं अभयारण्य झालं, हे काकांनी तिथंच सांगितलं. पुस्तकातल्या वृक्षारोपणाच्या धड्यापेक्षा ती रात्र मला जास्त शिकवून गेली. तुमचं शिबिर कुठं झालं?

माणदेशी: देवराष्ट्रे म्हणजे यशवंतरावांचं जन्मगाव. घर बघितलं का?

रेवा_सांगली: हो, येताना.

सातारकर७: कास. तेव्हा कुंपण नव्हतं, गर्दी तर नव्हतीच. बाईंनी आम्हाला ओल्या कातळावर पालथं झोपवलं. नाकासमोर दवबिंदू नावाचं इवलंसं झाड, पानांच्या केसांवर चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकून पाय झाडत होतं. एकजण म्हणाला सोडवूया, बाई म्हणाल्या नको, इथल्या मातीत झाडाला पोटभर मिळत नाही म्हणून ते असं खातं. वर्गात तासभर भांडण चाललं यावर. मी अजून चिलटाच्या बाजूनं आहे

अनघा_क: 😄 मी झाडाच्या.
आमचं बामणोलीला, शिवसागरच्या काठावर तंबू. सगळी पाण्यात खेळत होती, मी नाही गेले. आजीचं गाव त्याच पाण्याखाली आहे. कोयना धरणात गेलं. सरांना सांगितलं तर त्यांनी रात्री शेकोटीपाशी मलाच बोलायला लावलं. आजीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, जात्यासकट. कुकर झाला, उरलेलं नंतर लिहिते

रेवा_सांगली: अनघा, नक्की लिही गं. वाट बघते.

माणदेशी: आमच्या मामाचंही तिकडंच. उठून सोलापूरकडं गेले. पावसातल्या माणसांना तिथलं ऊन कसं सोसलं असेल.

पिंटूची_आई: चांदोलीत जळवा असतात ना? माझापण जाणारे, जीव घाबरा झालाय

सातारकर७: ताई, त्या पावसाळ्यात. थंडीत काळजी नको, स्वेटर मात्र दोन द्या. पहाटे काकडायला होतं.

पिंटूची_आई: बरं. भडंग दिलं तर चालेल का? यादीत खाऊ आणू नये लिहिलंय

अनघा_क: नका देऊ. वासानं माकडं पिशव्या फाडतात, शिवाय प्लास्टिक तिथंच राहतं. घरी आल्यावर हवं तेवढं खाऊ द्या.