पीएच ५ दिव्याच्या शेडला पोचा पडलाय, पुण्यात कोण नीट करून देईल?

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही चार वर्षं कोपनहेगनला होतो. तिथल्या जुन्या बाजारात पीएच ५ हा टांगायचा दिवा मिळाला. परत येताना सामानातून आणला, खोकं उघडलं तर वरच्या मोठ्या शेडच्या कडेला पोचा. अंगठा बसेल एवढा, आणि तिथला पांढरा रंगही उडालाय. फार वाईट वाटलं.

शोभेचा दिवा असता तर पोच्याची बाजू भिंतीकडे करून टांगला असता. पण याचं सगळं काम शेडच्या वळणातच आहे. तो करणारे डॅनिश डिझायनर पोल हेनिंग्सन (पीएच म्हणजे तेच) १९२०च्या दशकापासून एकाच गोष्टीमागे होते: उजेड भरपूर हवा, पण डोळ्यावर येता कामा नये. १९५८चा हा दिवा त्यातूनच आला. ५ म्हणजे मोठ्या शेडचा ५० सेंमी व्यास. कुठूनही बघा, बल्ब दिसत नाही. उजेड एका शेडवरून दुसऱ्यावर पडून खाली येतो. आत एक भाग लाल, एक निळा. आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड जास्त जाणवतो, लाल-निळा कमी, म्हणून त्या दोन रंगांची भर. जेवताना समोरच्याचा चेहरा किती छान दिसतो, ते टेबलाशी बसल्यावरच कळतं.

शेड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, लेथवर साच्याला दाबून वळवलेली. गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडे नेली, तर तो लांबी (पुट्टी) भरून वर चकचकीत रंग मारू म्हणाला. मी तशीच परत आणली. आतला पांढरा मॅटच हवा, चकचकीत केला की बल्ब त्यात आरशासारखा दिसणार. तांबट आळीत विचारावं असं मनात आहे, त्यांच्या हाताला पत्रा कळतो. पण मठारकामात ठोक्यांच्या खुणा मुद्दाम ठेवतात आणि मला एकही खूण नकोय.

कुणी वळवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा पोचा काढून घेतलाय का? लाकडी ठोकळ्यावर ठेवून आतून ठोकतात, की लेथवाल्याकडेच जावं? रंगाचं काय, उडालेल्या जागेपुरता रंग जुळवता येतो, की पूर्ण शेड खरवडून मॅट पावडर कोटिंग करावं? मला जुना रंग राखायचाय.

होल्डर आटे असलेला आहे, ई२७, आपल्याकडच्या पिनच्या बल्बचा नाही. दुधी काचेचा, पिवळसर उजेडाचा एलईडी कुणी यात लावला असेल तर किती वॅटचा तेही सांगा. टेबलापासून साधारण ६० सेंमी वर टांगणार आहे.