मदत हवी आहे: पंटरवर ड्राफ्टचा पिक खर्च करणं परवडतं का? (बेअर्स, २०२४, १२२वा पिक)

शिकागोकर
नमस्कार मंडळी. स्पोर्ट्स अ‍ॅनालिटिक्सच्या प्रकल्पासाठी एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) जाणकारांची मदत हवी आहे.

शिकागो बेअर्सनी २०२४च्या ड्राफ्टमध्ये (इथे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, एक पाळी म्हणजे एक पिक) चौथ्या फेरीत, एकूण १२२व्या पिकवर, आयोवा विद्यापीठाचा पंटर (आक्रमण अडलं की चेंडू लाथेने लांब मारून देणारा) टोरी टेलर घेतला. त्या वर्षी त्यांनी पाचच खेळाडू निवडले: केलेब विल्यम्स (१), रोम ओडुन्झे (९), कायरन अमेगाजी (७५), टेलर (१२२) आणि ऑस्टिन बुकर (१४४). म्हणजे पाचांतला एक पंटर. हा पिक सत्कारणी लागला की त्याच जागी एखादा लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) घ्यायला हवा होता, हे मला आकड्यांनी दाखवायचं आहे.

अडलंय ते इथे:
१. पंटरने वाचवलेले यार्ड गुणांत कसे मोजायचे?
२. तुलना नेमकी कुणाशी करायची?
३. कॉलेजच्या आकड्यांवर किती भिस्त ठेवायची? टेलरने २०२३च्या सीझनमध्ये ९३ पंटमध्ये ४,४७९ यार्ड मारले, हा एनसीएएचा विक्रम आहे. माझ्या मॉडेलमध्ये सध्या पंटरसाठी फक्त ग्रॉस अ‍ॅव्हरेज आहे.

यार्डमोजणी
शिकागोकर, पहिलं काम म्हणजे ग्रॉस बाजूला ठेवा. ग्रॉस सांगतो चेंडू किती लांब गेला. टीमला काय मिळालं ते नेट सांगतो. नेट म्हणजे ग्रॉस वजा रिटर्नचे यार्ड (प्रतिस्पर्धी पंट झेलून परत पळतो ते) वजा प्रत्येक टचबॅकचे २० यार्ड.

एक उदाहरण घ्या. चेंडू बरोबर मिडफील्डवर आहे. एका पंटरने ५० यार्ड मारले, चेंडू एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडे) गेला, म्हणजे टचबॅक, प्रतिस्पर्ध्याला २० यार्डांवर चेंडू मिळाला. ग्रॉस ५०, नेट ३०. दुसऱ्याने ४०च मारले, पण उंच. १० यार्डांवर फेअर कॅच, म्हणजे झेलणारा पुढे पळत नाही. ग्रॉस ४०, नेटही ४०. तुमचं मॉडेल पहिल्याला हुशार ठरवतंय.

आता गुणांकडे. अपेक्षित गुणांच्या (चेंडू कुठे आहे त्यावरून पुढे सरासरी किती गुण होतील) कुठल्याही तक्त्यात मैदानाच्या त्या भागात एका यार्डाची किंमत साधारण ०.०५ ते ०.०६ गुण निघते. एक टीम सीझनला ६५ ते ७५ पंट मारते, ७० धरू. सर्वसाधारण पंटरपेक्षा नेटमध्ये २ यार्ड सरस म्हणजे खरोखरच चांगला माणूस. त्याचे १४० यार्ड होतात, म्हणजे ७ ते साडेआठ गुण. सीझनमधला एक जादा विजय साधारण ३० ते ३५ गुणांच्या फरकाने येतो असं धरलं, तर हा झाला पाव विजय. ऐकायला थोडा वाटेल, पण चौथ्या फेरीत घेतलेले बरेच खेळाडू पहिल्या वर्षी एवढंही देत नाहीत.

नेटमध्येही एक खोट आहे. एकच ८० यार्डांचा रिटर्न टचडाऊनला गेला तर ७० पंटांचा नेट १.१ यार्डांहून जास्त खाली येतो. म्हणून एका सीझनच्या नेटवर निकाल देऊ नका. सरासरीबरोबर मध्यकही काढा.

हेल_मेरी_पुणे
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथेच टेलरची बाजू लंगडी पडते. यार्डमोजणींनी तुलना सर्वसाधारण पंटरशी केली. ती करायला हवी ड्राफ्ट संपल्यावर विनापिक मिळणाऱ्या, म्हणजे अनड्राफ्टेड, पंटरशी. त्या बाजारात कोण कोण निघालं बघा.

जॉनी हेकर, २०१२, अनड्राफ्टेड: चार वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी). टॉमी टाउनसेंड, २०२०, अनड्राफ्टेड: चीफ्सकडून २०२२मध्ये ऑल-प्रो. ए. जे. कोल, २०१९, अनड्राफ्टेड: रेडर्सकडून ऑल-प्रो. वॉशिंग्टनचा ट्रेस वे अनड्राफ्टेड. आणि २०२२चा ड्राफ्ट तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. त्या वर्षी रेव्हन्सनी जॉर्डन स्टाउट १३०व्या पिकवर घेतला, बकनिअर्सनी जेक कमार्डा १३३व्यावर. रायन स्टोनहाउसला कुणीच घेतलं नाही. तो टायटन्सकडे गेला आणि पहिल्याच सीझनला ५३.१ यार्डांच्या सरासरीने सॅमी बॉचा १९४०पासूनचा ५१.४चा विक्रम मोडला.

कारण साधं आहे. लीगमध्ये पंटरच्या जागा ३२. एकदा बसलेला पंटर दहा-बारा वर्षं हलत नाही. शेन लेक्लर २०००मध्ये पाचव्या फेरीत आला तो २०१७पर्यंत खेळला. त्यामुळे दरवर्षी मोजक्याच जागा रिकाम्या होतात आणि कॉलेजमधून येणारे त्याच्या कितीतरी पट. मागणीपेक्षा पुरवठा इतका जास्त असलेल्या जागेसाठी चौथी फेरी का जाळायची?

निळी_जर्सी
हेल_मेरी, तुम्ही यशस्वी झालेलेच तेवढे वेचलेत. ज्या टीमला अनड्राफ्टेड पंटरने दगा दिला, त्यांची यादी कुणी ठेवत नाही. शिकागोचंच बघा. २०२२मध्ये त्यांनी ट्रेंटन गिलला सातव्या फेरीत, २५५व्या पिकवर घेतलं. दोन सीझन वापरलं आणि टेलर आल्यावर सोडलं. म्हणजे स्वस्तातला प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला होता.

ड्राफ्ट पिकने तुम्ही विकत घेता ती खात्री. अनड्राफ्टेड खेळाडू स्वतः टीम निवडतो. त्याचा एजंट बघतो कुठल्या रोस्टरवर (टीमच्या यादीत) पंटर म्हातारा झालाय, कुठे कॅम्पमध्ये स्पर्धा कमी आहे. तुम्हाला नेमका जो हवा तो तुमच्याकडे येईलच याची हमी नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यातला हा धोका तुमच्या मॉडेलमध्ये यायला हवा.

करारातही फरक आहे. ड्राफ्ट झालेल्याचा करार ४ वर्षांचा, अनड्राफ्टेडचा ३ वर्षांचा. तीन वर्षांनी तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतो (दुसऱ्या टीमशी बोलू शकतो) आणि त्याला ठेवायचं तर टेंडर, म्हणजे एका वर्षाच्या ठरलेल्या पगाराचा प्रस्ताव, द्यावं लागतं. चांगला पंटर आज वर्षाला ३० ते ४० लाख डॉलर घेतो. मायकल डिक्सनला सीहॉक्सनी २०२१मध्ये ४ वर्षांसाठी सुमारे १.४७ कोटी डॉलर दिले. म्हणजे ते चौथं स्वस्त वर्ष कॅपवर (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) वीसेक लाख डॉलर वाचवतं. २०२४ला कॅप २५.५४ कोटींची होती, त्यापुढे रक्कम लहान आहे, पण तिच्यात एक चांगला राखीव लाइनमन येतो.

हेल_मेरी_पुणे
चौथं वर्ष मान्य. पण खात्री म्हणाल तर कमार्डाला बकनिअर्सनी २०२४च्या सीझनमध्येच सोडलं, आणि त्याच्या जागी आणलं कुणाला? बेअर्सनी काढलेल्या गिललाच. १३३वा पिक गेला आणि त्याच्या जागी २५५वा आला. चौथ्या फेरीतून खात्री मिळते हे मला पटत नाही.

स्नॅपर६५
तिसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

कॉलेज आणि एनएफएलचा पंट हा एकच खेळ नाही. एनएफएलमध्ये चेंडूला पाय लागेपर्यंत फक्त दोन्ही टोकांचे दोघे, म्हणजे गनर, पुढे पळू शकतात. बाकीच्यांनी थांबून ब्लॉक करायचं. कॉलेजमध्ये स्नॅपबरोबर (चेंडू पंटरकडे मागे फेकला जाताच) सगळे सुटू शकतात. त्यामुळे कॉलेजात शील्ड फॉर्मेशन (पंटरपुढे काही जणांची भिंत) चालतं, पंटर बाजूला पळत पळत रग्बी पद्धतीने मारतो, चेंडू घरंगळतो आणि तोपर्यंत सात-आठ जण रिटर्नरपाशी पोचलेले असतात. तोच ४२ यार्डांचा सपाट पंट एनएफएलमध्ये थेट २० यार्डांचा रिटर्न देतो. म्हणून फिल्म बघताना रग्बी पंट वेगळे काढा आणि हिशेबात धरूच नका. उरलेल्यांत दोन गट करा: स्वतःच्या ४० यार्डांच्या आतून मारलेले, जिथे पूर्ण ताकद लावता येते, आणि त्यापुढून मारलेले, जिथे चेंडू १० यार्डांच्या आत अडवायचा असतो. पहिल्या गटाला नेट आणि हँग टाइम (चेंडू हवेत राहतो तो वेळ), दुसऱ्याला टचबॅकचं प्रमाण. दोन्ही एकत्र कालवले की हाती काहीच लागत नाही.

हँग टाइम स्वतः मोजा. पाय लागल्याच्या फ्रेमपासून चेंडू हातात किंवा जमिनीवर येईपर्यंत. ठोकताळा असा की ४५ यार्डांना ४.५ सेकंद. ५५ यार्ड आणि ४.१ सेकंद दिसले तर टाळ्या वाजवू नका. गनरला स्नॅपपासून दोघे अडवणारे असतात, तो तेवढ्यात पोचत नाही आणि रिटर्नरपुढे मोकळं रान मिळतं.

दुसरं घड्याळ लावा ऑपरेशन टाइमला. लाँग स्नॅप १५ यार्डांचा, त्याला ०.७५ सेकंदाच्या आसपास, आणि चेंडू हातात आल्यापासून पाय लागेपर्यंत १.३. मिळून २.१च्या आत बसायला हवं. कॉलेजात २.४ घेणारे सुखाने खेळतात, कारण समोर तेवढा जोर नसतो. एनएफएलमध्ये त्यांचे पंट ब्लॉक होतात. ही सवय मोडायला वर्ष जातं आणि ती मोडताना लांबी घटते.

टेलरचा ४,४७९चा विक्रम गुणवत्तेचं माप म्हणून वापरू नका. ९३ पंट मारावे लागले याचा अर्थ आयोवाचं आक्रमण वारंवार अडत होतं. त्याची खरी किंमत ४८च्या सरासरीबरोबरची जागा साधण्याची हातोटी. ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमधून आलेला असल्याने ड्रॉप पंट अंगवळणी पडलेला. चेंडू टोकावर टोक असा उलटा फिरत जातो आणि पडल्यावर एंड झोनकडे न पळता थबकतो किंवा मागे येतो. मेलबर्नच्या प्रोकिक ऑस्ट्रेलिया या संस्थेतून असे बरेच जण अमेरिकन कॉलेजांत आलेत. ते वयाने मोठे असतात: टेलर ड्राफ्टच्या वेळी २६चा होता, ४९र्सनी २०१९ला ११०व्या पिकवर घेतलेला मिच विशनाउस्की २७चा. इतर जागांवर हे वय नडतं, पंटरला नाही.

अण्णा_ओहायो
सगळे पंटबद्दलच बोलताय. बहुतेक टीममध्ये पंटर होल्डरही (किकरसाठी चेंडू जमिनीवर धरणारा) असतो, आणि त्या कामाचं मोल कुठल्याच कॉलममध्ये दिसत नाही. फिल्ड गोलला स्नॅप ७-८ यार्ड मागे येतो. स्नॅपपासून किकपर्यंतच्या १.३ सेकंदांत तो झेलून, जागेवर टेकवून, शिवण गोलकडे फिरवून, किकरला हवा तसा कलता धरायचा. सॅम कोच रेव्हन्सनी २००६ला सहाव्या फेरीत २०३व्या पिकवर घेतला. त्यांचा किकर जस्टिन टकरच्या कारकिर्दीतला मोठा काळ चेंडू त्याच्याच बोटाखाली होता.

हे काम दुसऱ्यावर पडलं की काय होतं, ते डिसेंबर २०२३मध्ये कोल्ट्सविरुद्ध टायटन्सना दिसलं. दोन पंट ब्लॉक झाले, दुसऱ्या वेळी स्टोनहाउसचा गुडघा गेला. होल्डिंगला क्वार्टरबॅक रायन टॅनहिल आला. किकर निक फोकचा एक्स्ट्रा पॉइंट (टचडाऊननंतरची एका गुणाची किक) हुकला, नियमित वेळ बरोबरीत संपली आणि ओव्हरटाइममध्ये ३१-२८ असा पराभव. ब्लॉक झालेल्या पंटांचा दोष मात्र पंटरच्या खात्यात टाकू नका, आधी प्रोटेक्शन बघा.

किकऑफ मारू शकतो का हेही तपासा. थॉमस मोर्स्टेड सेंट्सनी २००९ला पाचव्या फेरीत घेतला. त्याच सीझनच्या सुपर बोलमध्ये तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीची ती अचानक मारलेली ऑनसाइड किक (चेंडू स्वतःच परत मिळवण्यासाठी मारलेला छोटा किकऑफ) त्याची.

शिकागोकर
सगळ्यांचे मनापासून आभार. स्नॅपर६५ दादा, तुमचे दोन गट आणि दोन घड्याळं मी आजच शीटमध्ये घेते. एकच राहिलं: मग सीमारेषा कुठे आखायची? तिसरी फेरी चूक आणि पाचवी बरोबर असं म्हणता येईल का?

यार्डमोजणी
जुन्या जिमी जॉन्सन तक्त्यात (प्रत्येक पिकची किंमत गुणांत सांगणारा) ७०वा पिक २४० गुणांचा आणि १२२वा ५०चा. म्हणजे तिसऱ्या फेरीत तुम्ही जवळजवळ पाचपट मोजता, पंटर मात्र पाचपट चांगला मिळत नाही. जॅग्वार्सनी २०१२ला ७०व्यावर ब्रायन अँगर घेतला, ७५व्यावर सीहॉक्सना रसेल विल्सन मिळाला. अँगर वाईट नव्हता. पण त्याचे ऑल-स्टार दर्जाचे सीझन आले काउबॉइजकडे, जॅग्वार्सचा करार संपून कितीतरी वर्षांनी. बेअर्सनी स्वतः १९९५मध्ये टॉड सॉअरब्रन दुसऱ्या फेरीत ५६व्यावर घेतला होता. त्याची प्रो बोल (ऑल-स्टार सामन्याची निवड) वर्षं पँथर्सकडे गेली. पंटर उशिरा पिकतो, म्हणून महाग पिकचं फळ बऱ्याचदा दुसरा खातो. पॅकर्सचा बी. जे. सँडर (२००४, ८७वा) तर दोन सीझनमध्ये आटोपला.

उलट बाजूला पहिल्या फेरीत रे गाय आहे, १९७३, २३वा, हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. तिसऱ्या फेरीत डस्टिन कोल्क्विट, २००५, ९९वा, चीफ्सकडे १५ सीझन. पण त्याचाच भाऊ ब्रिटन अनड्राफ्टेड आला, आणि सुपर बोलची अंगठी दोघांकडेही आहे.

माझी रेषा पाचव्या फेरीच्या सुरुवातीला. डिक्सन २०१८ला १४९वा, तोही सीहॉक्सनी थोडं वर सरकून घेतलेला, आणि पहिल्याच वर्षी ऑल-प्रो. त्या दराने मी केव्हाही घेईन.

निळी_जर्सी
मी चौथ्या फेरीच्या शेवटापर्यंत जाईन, पण तीन गोष्टी एकत्र असतील तरच: घरचं मैदान उघडं आणि वाऱ्याचं (सोल्जर फील्ड तसं आहेच), सध्याचा पंटर नेटमध्ये तळाला, आणि क्वार्टरबॅक नवखा, म्हणजे पंट जास्त पडणार. २०२४च्या बेअर्सना तिन्ही लागू होत्या. हेल_मेरींचा आक्षेप मला एकाच ठिकाणी पटतो: पाचच पिक असलेल्या टीमला त्यातला एक देणं, दहा पिक असलेल्या टीमपेक्षा महाग पडतं. शिकागोकर, मॉडेलमध्ये 'एकूण पिकची संख्या' हा कॉलम घाला.

स्नॅपर६५
आणि टेलरची तुलना करताना गिलचे २०२२ आणि २०२३चे पंट याच दोन गटांत विभागून घ्या. मैदान तेच, वारा तोच, लाँग स्नॅपरची नोंद मात्र तपासा, बदलला असेल तर ऑपरेशन टाइम वेगळा लिहा. सोल्जर फील्डवरचे आणि डोममधले (छताखालचे) पंट वेगवेगळ्या शीटवर. प्रत्येक गटात निदान ३० पंट जमेपर्यंत सरासरी छापू नका.