पायथनमध्ये हाताने लिहिलेला लेक्सर-पार्सर: नावं तुटतात आणि वजाबाकी उलटी होते

शून्यबिंदू

पायथनमध्ये एक छोटी हिशेबाची भाषा करतोय. लेक्सर (मजकुराचे टोकन, म्हणजे अर्थपूर्ण तुकडे, करणारा भाग) आणि पार्सर (त्या टोकनांची व्याकरणानुसार रचना लावणारा भाग) हाताने लिहिलेत. व्हेरिएबलची नावं देवनागरीत, एका ओळीत एक विधान, उदा. `किंमत = दर * नग`. बाहेरची लायब्ररी नको आहे, पायथनसोबत येणारं रेग्युलर एक्स्प्रेशनचं (मजकुरातले नमुने जुळवायचं) मॉड्यूल तेवढं वापरलंय. अंकाचा पॅटर्न `-?[0-9]+(\.[0-9]+)?`, नावासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि पुढे अधिकचं चिन्ह (`\w+`), ऑपरेटरसाठी `[-+*/^()=]`. तिन्ही उभ्या रेघेने जोडून फाइंडइटरमधून फिरवतो. पार्सरमधला मुख्य नियम असा:

```
बेरीज : गुणाकार | गुणाकार ('+' | '-') बेरीज
```

अडचणी:

`दर` आणि `नग` नीट वाचले जातात, पण `किंमत` चे `क` आणि `मत` असे दोन टोकन होतात. एरर काहीच नाही.

`10 - 4 - 3` चं उत्तर 9 येतं. जागा न सोडता `10-4-3` लिहिलं की 10.

`(2 + 3) )` ला तक्रार न करता 5.

यात मूळ दोष लेक्सरचा की पार्सरचा? आणि घात (`^`) व ऋण चिन्ह यांचा क्रम कुठे बसवायचा?

---

अर्धविराम

दोन्हीकडे दोष आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत. लेक्सरपासून सुरू करा, कारण टोकन चुकीचे असतील तर पार्सर तपासण्यात अर्थ नाही.

फाइंडइटर जुळणारे तुकडे शोधतो. मधलं जे जुळत नाही ते तो गुपचूप ओलांडतो. लेक्सरला हे चालत नाही, मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा हिशेब लागला पाहिजे. साधा उपाय: मोकळ्या जागेसाठी एक पर्याय ठेवा, सगळ्या पॅटर्नच्या शेवटी एक टिंब असलेला 'अनोळखी' पर्याय जोडा आणि तो जुळला की तिथेच एरर फेका. (टिंब नवी ओळ पकडत नाही, म्हणून नव्या ओळीचा पर्याय वेगळा हवा. विधानं ओळीवर संपतात, त्यामुळे तो तसाही लागणारच.) दुसरा मार्ग म्हणजे एक स्थान-निर्देशक ठेवून दर वेळी तिथूनच मॅच करायचं. त्यासाठी कंपाइल केलेल्या पॅटर्नची मॅच मेथड वापरा, तिला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून स्थान देता येतं. मॉड्यूलचं थेट मॅच फंक्शन वापरलंत तर मजकुरानंतरचा आकडा फ्लॅग (जुळवणी कशी करायची याची सूचना) समजला जातो आणि भलतंच काहीतरी घडतं.

आता `किंमत`. पायथनच्या या मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे युनिकोडनुसार अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या दृष्टीने अक्षरं नाहीत, ती 'मार्क' गटात येतात. म्हणून `क` जुळला, वेलांटी आणि अनुस्वार गाळले गेले, पुढे `मत` जुळलं. `दर`, `नग` मध्ये मात्राच नाही, म्हणून ते वाचले.

गंमत अशी की पायथनच्या स्वतःच्या नावांचा नियम वेगळा आहे आणि त्यात मात्रा चालतात. त्याचाच फायदा घ्या. नाव रेग्युलर एक्स्प्रेशनने पकडू नका, छोट्या लूपने पकडा: पहिलं अक्षर इझ-अल्फा मेथडने तपासा (किंवा अंडरस्कोर आहे का पाहा), आणि पुढच्या प्रत्येक अक्षराच्या आधी `क` जोडून त्या दोन अक्षरी स्ट्रिंगवर इझ-आयडेंटिफायर विचारा. उत्तर होय तोवर पुढे जा. मात्रा, हलन्त, अंक सगळे यात बसतात, दंड (।) बसत नाही, आणि तेच हवं आहे.

अंकाच्या पॅटर्नमधलं वजा चिन्ह आजच काढा. `10-4-3` चे तुमच्याकडे 10, -4, -3 असे तीन अंक होतायत. पार्सर पहिला घेतो, पुढे ऑपरेटर दिसत नाही म्हणून थांबतो, आणि उरलेलं कोणी बघत नाही. लेक्सरला 'वजा' एवढंच कळावं. ते ऋण आहे की वजाबाकी, हे पार्सर ठरवतो, कारण ते आधी काय आलं यावर अवलंबून आहे.

पुढे `==` किंवा `<=` घ्याल तेव्हा ते `=` आणि `<` च्या आधी लिहा. उभ्या रेघेने जोडलेल्या पर्यायांत सर्वांत लांब नव्हे तर आधी लिहिलेला जुळणारा पर्याय जिंकतो. आणि `जर`, `नाहीतर` असे राखीव शब्द वेगळ्या पॅटर्नने पकडू नका, नाहीतर `जरब` चं `जर` आणि `ब` होईल. पूर्ण नाव वाचून झाल्यावर ते राखीव शब्दांच्या सेटमध्ये आहे का एवढंच बघा.

---

पदावली

वर लेक्सरचं झालं, मी पार्सरवर लिहितो.

`10 - 4 - 3` चे 9 होतात, कारण तुमचा नियम उजवीकडे पुनरावृत्त होतो, म्हणजे झाड (पार्सरने लावलेली रचना) `10 - (4 - 3)` असं बनतं. नियम उलटा करून `बेरीज : बेरीज '-' गुणाकार` लिहायचा मोह होईल. व्याकरण म्हणून तो बरोबर आहे, पण रिकर्सिव्ह डिसेंटमध्ये (प्रत्येक नियमाचं एक फंक्शन, आणि ती एकमेकांना बोलावतात) बेरीज हे फंक्शन एकही टोकन न खाता स्वतःलाच बोलावत राहतं आणि रिकर्शन एरर येते. उपाय लूप (कंसानंतरचा `*` म्हणजे शून्य किंवा जास्त वेळा, `?` म्हणजे असलं तर एकदाच):

```
बेरीज   : गुणाकार ( ('+' | '-') गुणाकार )*
गुणाकार : ऋण ( ('*' | '/') ऋण )*
ऋण     : '-' ऋण | घात
घात     : मूळ ( '^' ऋण )?
मूळ     : अंक | नाव | '(' बेरीज ')'
```

पहिल्या नियमाचं फंक्शन साधारण असं:

```
बेरीज():
    फल = गुणाकार()
    जोवर पुढचं टोकन '+' किंवा '-' :
        चिन्ह = घे()
        फल = (चिन्ह, फल, गुणाकार())
    परत फल
```

जुनं `फल` डाव्या बाजूला जातं, म्हणून `(10 - 4) - 3`, उत्तर 3.

घाताची ओळ नीट पाहा. `^` च्या उजवीकडे मूळ नाही, ऋण आहे. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. `2 ^ -1` चालतं. आणि ऋण पुन्हा घाताकडे जात असल्याने `2 ^ 3 ^ 2` म्हणजे `2 ^ (3 ^ 2)` = 512 होतं, 64 नाही. ऋण घाताच्या वरच्या पायरीवर असल्याने `-2 ^ 2` चं उत्तर -4. पायथनचा स्वतःचा घातही असाच वागतो. तुमच्या वापरकर्त्यांना 4 अपेक्षित असेल तर त्या दोन पायऱ्यांची अदलाबदल करावी लागेल, पण मी करणार नाही. गणितातल्या लिखाणाशी -4 जुळतं.

`(2 + 3) )` साठी टोकनांच्या यादीच्या शेवटी 'समाप्त' नावाचा टोकन स्वतः घाला. सगळ्यात वरच्या फंक्शनने बेरीज करून आल्यावर पुढचा टोकन 'नवी ओळ' किंवा 'समाप्त' आहे याची सक्ती करायची. ही सक्ती आधीपासून असती तर `10-4-3` चा घोळ पहिल्याच चाचणीत दिसला असता. 'समाप्त' चा आणखी एक उपयोग: `2 +` एवढंच लिहिल्यावर यादीबाहेर इंडेक्स जाऊन पायथनची एरर येते, त्याऐवजी 'इथे अंक, नाव किंवा कंस हवा होता' असं सांगता येतं.

विधान असाइनमेंट (नावाला किंमत देणं) आहे की नुसती पदावली (`2 + 3` सारखी राशी), हे ओळखायला एक टोकन पुढचं डोकावणं पुरेसं आहे: आत्ताचा टोकन नाव आणि त्यापुढचा `=`.

पदावलीची किंमत पार्स करतानाच काढू नका, वरच्या `(चिन्ह, फल, गुणाकार())` सारखे टपल (क्रमाने बांधलेले गट) बनवा. चाचणी करताना झाड पूर्ण कंसांसह छापणारं फंक्शन लिहा. नुसत्या उत्तरावरून क्रम कळत नाही: `2 + 3 + 4` चं झाड कसंही असलं तरी 9 च.

---

शून्यबिंदू

लूप आणि 'समाप्त' टोकन घातला, वजाबाकी सुटली. दोन उपप्रश्न. एरर दाखवताना ओळीखाली `^` छापतो, तो देवनागरी नावांनंतर उजवीकडे सरकतो. आणि नावाचा लूप केला तसाच अंकांचाही हाताने केला (इझ-डिजिट वापरून), तर कुठून तरी पेस्ट केलेल्या `5²` वर इंट फंक्शन व्हॅल्यू एरर देतं.

---

अर्धविराम

`²` ला इझ-डिजिट होय म्हणतं, पण इंट ते स्वीकारत नाही. इझ-डेसिमल वापरा, ते फक्त दशमान अंकांना होय म्हणतं. त्यात `०` ते `९` ही येतात आणि इंट, फ्लोट दोन्ही फंक्शनं ते थेट घेतात: `१२` चे 12 होतात, वेगळं रूपांतर नको. मात्र `1२` अशी भेसळही चालून जाते. ती नको असेल तर लेक्सरमध्येच अडवा.

बाणाचं (ओळीखालच्या `^` चं) कारण: पायथन कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) मोजतो. `किंमत` मध्ये ते पाच आहेत (क, वेलांटी, अनुस्वार, म, त), पडद्यावर जागा तीनच. मार्क गटातली चिन्हं वगळून मोजलं तर बरंच सुधारतं, पण जोडाक्षरांची रुंदी फॉन्टवर ठरते, तिथे पुन्हा चुकेल. त्यापेक्षा बाण सोडा: 'ओळ 4: `किंमत` नंतर `)` अनपेक्षित' हे कुठल्याही फॉन्टमध्ये बरोबर दिसतं.

याच वाटेवर आणखी एक खड्डा आहे. 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: `ऱ` + हलन्त + `य`, किंवा `र` + हलन्त + झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) + `य`. दिसायला सारखेच, स्ट्रिंग म्हणून वेगळे, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) त्यांना एक करत नाही. वर इझ-आयडेंटिफायरलाही जॉइनर चालत नाही, म्हणजे एररमध्ये 'अनोळखी अक्षर' आणि पुढे रिकामी अवतरणं. नावाच्या लूपमध्ये जॉइनरला मुभा द्या, नाव पूर्ण झाल्यावर `र` + हलन्त + जॉइनर च्या जागी `ऱ` + हलन्त करा, उरलेले जॉइनर काढा, मग एनएफसी (नॉर्मलायझेशनचा एक प्रकार) करा. अख्ख्या मजकुरावर आधीच हे केलंत तर एररमधली स्थानं मूळ फाइलशी जुळणार नाहीत.

---

डावा_कंस

वर 'पदावली' यांनी दिलेल्या व्याकरणात एका कंसाच्या आत शिरायला पाच फंक्शनं लागतात. पायथनची रिकर्शन मर्यादा (फंक्शनांनी एकमेकांना किती खोलवर बोलवावं याची) मुळात 1000, म्हणजे 200 च्या जरा आतच कंस खोल गेले की पार्सर कोसळतो. माणूस हाताने इतके कंस लिहीत नाही, दुसऱ्या प्रोग्रामने तयार केलेल्या फाइलमध्ये मात्र असतात. मर्यादा वाढवण्याआधी खोली मोजणारा काउंटर ठेवा आणि स्वतःची एरर द्या.

याहून फसवी गोष्ट: `1 + 1 + 1 + ...` अशी हजारभर पदं. पार्सर लूपमुळे सहज पार होतो, पण झाड डावीकडे हजार पातळ्या खोल बनतं आणि किंमत काढणारं रिकर्सिव्ह फंक्शन कोसळतं. म्हणजे एरर पार्सरमध्ये शोधत बसाल आणि ती असते दुसरीकडे.

तुलना, 'आणि', 'किंवा' असे ऑपरेटर वाढणार असतील तर प्रत्येकासाठी एक फंक्शन करण्यापेक्षा प्रॅटची पद्धत (व्हॉन प्रॅट, 1973) घ्या. प्रत्येक ऑपरेटरला वजन: `<` 5, `+ -` 10, `* /` 20, ऋण 25, `^` 30. एकच फंक्शन 'किमान वजन' घेतं, आधी एक मूळ किंवा ऋण वाचतं, आणि पुढच्या ऑपरेटरचं वजन किमानपेक्षा जास्त असेपर्यंत लूप चालवतं. उजवी बाजू वाचायला स्वतःलाच त्या ऑपरेटरच्या वजनासह बोलावतं, `^` साठी मात्र 29 देऊन, म्हणजे पुढचा `^` उजव्या बाजूतच सामावतो. ऋणाची बाजू 25 देऊन वाचली की `-2 ^ 2` चं -4 आपोआप मिळतं.

---

पदावली

पाच पातळ्यांपर्यंत मी वेगळी फंक्शनंच ठेवेन, कारण कोड आणि व्याकरण शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडता येतं. सात-आठ झाल्या की प्रॅट. व्याकरण सतत बदलणार असेल तर लायब्ररीचा विचार करा: 'लार्क' ला व्याकरण मजकूर म्हणून देता येतं, आणि त्यात अर्ली व एलएएलआर या दोन्ही पार्सिंगच्या पद्धती आहेत. नाव पकडण्याचा पॅटर्न तिथेही तुम्हीच लिहायचा असतो, त्यामुळे मात्रांचा प्रश्न तिथे गेलात तरी सोबत येईलच.

कुठलाही मार्ग घेतलात तरी या ओळी चाचणीत ठेवा: `10-4-3` (3), `2^3^2` (512), `-2^2` (-4), `2^-1` (0.5), `8/4/2` (1), `२+3` (5), `--5` (5). आणि एरर यायलाच हवी अशा: `2 +`, `3 4`, `(2`, `2)`, `= 5`, एकटी `ि`.