ल्योंच्या बुशोंमध्ये शाकाहारी आईला काय खाऊ घालू?

उंबरठा२२:
आई पुढच्या महिन्यात साताऱ्याहून येतेय. तिला एकदा तरी बुशोंत, म्हणजे फ्रान्समधल्या ल्योंच्या पारंपरिक खाणावळीत, जेवायला न्यायचंय. पण बाहेरच्या फळ्यावर बघावं तर आतडी, डुकराचे गाल, नदीतला मासा. आई शाकाहारी, अंडं चालतं. आम्ही जेवणार आणि ती नुसता पाव चघळत बसणार, असं नको. कुणी नेलंय का घरच्यांना?

सुतरफेणी:
मी सासूबाईंना नेलं होतं, पण आधी फजिती सांगते. पहिल्याच वर्षी नवऱ्याने 'सॉसेजच असणार' म्हणून आंदुइयेत मागवलं. ते आतड्यांचं. सुरी लावली आणि असा दर्प सुटला! शेजारचे आजोबा (टेबलं इतकी खेटून की माझं कोपर त्यांच्या पावात) हसत हसत त्याच्याकडे मोहरीची बरणी सरकवत होते.

सासूबाईंच्या वेळी शहाणी झाले. दुपारी बाराच्या ठोक्याला गेले. गर्दी झाली की कुणाला वेळ नसतो आणि दोनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद. सालाद ल्योनेझ मागवली, डुकराचे तुकडे वगळून. कडसर पानं, पावाचे कुरकुरीत तुकडे, वर पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं. ते फोडलं की बलक सगळ्या पानांवर पसरतो. सोबत ग्रातँ दोफिनुआ: बटाट्याच्या चकत्या, साय, दूध, लसूण. "जिरं हवं होतं," म्हणाल्या, आणि भांड्याच्या कडा खरवडून खाल्ल्या.

पण खरी आवडली ती सेर्वेल द कानू. कानू म्हणजे इथल्या क्रुआ-रूसच्या टेकडीवरचे रेशीम विणणारे. नावाचा अर्थ 'विणकराचा मेंदू'! असतं काय, तर ताज्या मऊ चीजमध्ये लसूण, बारीक कांदा, हिरवी पात, थोडं तेल-व्हिनेगर. श्रीखंडाच्या चक्क्यात कुणी साखरेऐवजी लसूण घातला असं समजा. पावाला लावून खायचं.

कांद्याचं सूप टाळा, बहुधा मांसाच्या पाण्यात करतात. शेवटी गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट. दाताला चिकटतो, कवळी असेल तर जपून.

दोन_घोट:
'पो' कशी विसरलात? जाड बुडाची बाटली, 46 सेंटिलिटर, बोजोले वाइन भरून. आईंसाठी 'काराफ दो' मागा, म्हणजे नळाचं पाणी येतं, फुकट. नुसतं 'पाणी' म्हटलंत तर बाटली आणून बिलात लावतील. आणि त्या रेनेट (चीज करताना दूध फाडायला घालतात ते) पाळतात का? चीजमध्ये ते वासराच्या पोटातलं असू शकतं, मग सेर्वेलही बाद.

सुतरफेणी:
रेनेटचं बरोबर, लिहायचं राहिलं. पो मात्र विसरले नाही, सासूबाई समोर होत्या हो.

उंबरठा२२:
रेनेट वगैरे नाही पाळत, घरी पिझ्झा चालतो. आता एकच. ते मेंदूचं आईला आधी सांगू की नंतर?

सुतरफेणी:
पाव संपल्यावर.