डिस्चार्ज बुकात श्रीलंकेच्या मेडलची नोंद नाही, करून घ्यायला काय करावं?

एमटी_ड्रायव्हर_फलटण

जय हिंद मंडळी.

मी १९८४ ला भरती झालो, २००१ ला नाईक रँकवर पेन्शन आलो. ट्रेड ड्रायव्हर. शांतिसेना श्रीलंकेत गेली तेव्हा आमचं युनिट इकडेच होतं, पण काही गाड्या ड्रायव्हरसकट दुसऱ्या युनिटला अटॅच केल्या. त्यात माझी शक्तिमान, म्हणजे लष्करी ट्रक, होती. १९८८ चं जवळजवळ सगळं वर्ष मी उत्तर श्रीलंकेतल्या वावुनियात काढलं.

डिस्चार्ज बुकात मेडलच्या रकान्यात तीनच नावं आहेत : सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं. स्पेशल सर्व्हिस मेडल, क्लास्प श्रीलंका (क्लास्प म्हणजे रिबनवरची मोहिमेच्या नावाची पट्टी), हे त्यात नाही. नोकरीत असताना हेडक्लार्क साहेबांना विचारलं तर म्हणाले, रोल (मेडलसाठी पात्र जवानांची यादी) गेलाय, येईल. पेन्शन येतानाही तेच उत्तर. पुढे शेती, घर, पोरींची लग्नं यात वर्षं गेली. मागच्या वर्षी जवानांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. उत्तर एका ओळीचं आलं : सेवा अभिलेखात सदर मेडलची नोंद आढळत नाही. नोंद नाही हीच तर माझी तक्रार आहे. ती करून घ्यायची वाट कोणती, ते त्या पत्रात लिहिलेलं नाही.

तिथलं काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे मी का अडून बसलोय ते कळेल. सुरुंगाच्या धोक्यामुळे केबिनच्या तळाला वाळूची पोती अंथरलेली असायची. पोत्यांमुळे गुडघे स्टिअरिंगला लागायचे, क्लच पुरा दाबला जायचा नाही आणि गिअर करकरत पडायचा. सकाळी रोड ओपनिंगची पार्टी चालत पुढे जायची, कडेच्या झुडपात वायर शोधत. त्यांनी रस्ता मोकळा आहे सांगितलं की आमचा कॉन्व्हॉय सुटायचा. पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच चाक न्यायचं, इकडे-तिकडे नाही. एका सकाळी माझ्या पुढची तिसरी गाडी उडाली. तिचा ड्रायव्हर माझ्यासारखाच अटॅच आलेला होता, कराडकडचा. दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकावर त्याचं नाव आहे, मी जाऊन वाचून आलो. आम्ही एकाच चाकोरीतून गाड्या नेल्या, आणि माझ्या कागदात मी तिथे होतो याची एक ओळसुद्धा नसावी, हे मला मान्य नाही.

पैशाचा प्रश्न नाही. या मेडलला कसलाही भत्ता नसतो हे मला माहीत आहे.

माझ्याकडे मूळ डिस्चार्ज बुक आहे, वावुनियात गाडीपुढे काढलेला फोटो आहे, आणि बायकोला पाठवलेली आंतर्देशीय पत्रं आहेत, त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचे शिक्के आहेत. मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे तिकडे पाठवल्याचा लेखी हुकूम, नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

पुणेकर_फौजी

काका, जय हिंद. मी अजून सर्व्हिसमध्ये आहे. इतकी वाट बघू नका. पुण्यात कॅम्पात मेडल बनवणाऱ्यांकडे सगळे सेट मिळतात, रिबन-बारसकट पट्टीवर लावून देतात. आमच्या पलटणीत कित्येकांनी तसंच केलंय, कारण मूळ मेडल यायला वर्षं लागतात. तुम्ही तिथे होता ना? मग लावा आणि छाती काढून चाला.

सुभेदार_क्लार्क_निवृत्त

नाईक साहेब, रामराम. माझी सगळी नोकरी याच कागदांत गेली, युनिटलाही आणि रेकॉर्डलाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मेडल हातात पडणं आणि मेडलची नोंद असणं, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. वरच्या जवानाच्या पलटणीतल्या पोरांची नोंद झालेली असते, मेडल तेवढं यायचं असतं. त्यांनी दुकानातून घेऊन लावलं तरी ते हक्काचंच आहे. तुमची नोंदच नाही, त्यामुळे तो सल्ला तुमच्या कामाचा नाही.

युनिट पात्र जवानांचा मेडल रोल बनवतं, रेकॉर्ड ऑफिसात तो तपासला जातो, मंजुरीनंतर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या बदलाची अधिकृत नोंद, निघते, आणि ती बघून शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मुख्य कागदावर, मेडल चढवतात. डिस्चार्ज बुक शीट रोलवरून भरतात. म्हणजे तुमच्या बुकातला रिकामा रकाना ही शेवटची कडी झाली, तुटलंय मागे कुठेतरी. अटॅच जवानांच्या बाबतीत हे मी पुष्कळ पाहिलंय. ज्यांच्याबरोबर तुम्ही होता त्यांनी रोल आपल्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला, तुमचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. तुमच्या मूळ युनिटने रोल बनवलाच नसणार, कारण ते श्रीलंकेला गेलेलंच नव्हतं. दोघांच्या मध्ये माणसाचं नाव राहून जातं. तुमच्याबाबत असंच झालंय असं छातीठोक सांगत नाही, पण मी असतो तर शोध इथूनच सुरू केला असता.

म्हणून आत्ता मेडल मागूच नका. आधी अटॅचमेंटचा कागद मिळवा. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा : माझ्या शीट रोलची प्रत आणि १९८७ ते १९९० मधल्या माझ्या नावाच्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस, उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. शांतिसेना जुलै १९८७ ला गेली आणि शेवटची तुकडी मार्च १९९० ला परतली, म्हणून मुद्दाम सगळी वर्षं घ्यायला सांगतोय. अटॅचमेंटला जाण्याची आणि परत येण्याची नोंद त्यात मिळायला हवी. तिथे असताना रजेवर आला होता का? रजेची ऑर्डर लोक विसरतात. फील्ड ॲम्ब्युलन्सला, म्हणजे फील्डमधल्या लष्करी दवाखान्यात, ॲडमिट झाला होता का? मेडिकल कागदात जागा आणि तारीख दोन्ही असते.

अर्जात मेडलचं नाव जसंच्या तसं लिहा. विशिष्ट सेवा मेडल हा वेगळा सन्मान आहे, तो कामगिरीसाठी राष्ट्रपती देतात. चुकून ते नाव पडलं तर अर्ज भलत्याच टेबलावर जाईल.

आणि स्पर्शवर तक्रार टाकू नका. ते पेन्शनचं पोर्टल आहे, मेडलचं काम तिथे होत नाही.

कागलची_लेक

काका, तुम्ही पेन्शनर आहात, हे तुमचं नशीब समजा. आमचं सांगते.

माझे बाबा डिसेंबर १९७१ ला पूर्व आघाडीवर होते, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत. १९७४ ला आजोबा गेले, घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं, म्हणून स्वतःच्या अर्जावर पेन्शनशिवाय घरी आले. त्यांच्या सर्टिफिकेटवर संग्राम मेडल लिहिलंय, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं लिहिलंय, पण पूर्वी स्टार, म्हणजे पूर्व आघाडीवर असलेल्यांचं मेडल, नाही. जो माणूस ब्रह्मपुत्रा ओलांडून ढाक्याच्या दिशेने चालत गेला, त्याच्या कागदावर पूर्वी स्टार नाही. बाबांनी हयातभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते गेल्यावर ट्रंकेत सर्टिफिकेट सापडलं आणि माझ्या लक्षात आलं.

मी अर्ज केला तर कळलं की पेन्शन नसलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. राहतो फक्त लाँग रोल. त्यात नंबर, नाव, भरतीची आणि घरी आल्याची तारीख, एवढंच मिळालं. मेडल त्यात नव्हतं. बाबांच्या कंपनीचे तेव्हाचे साहेब हयात असते तर त्यांचं लेखी घेता आलं असतं, पण तेही गेले होते. बाबांचा पूर्वी स्टार मला मिळाला नाही, अजूनही वाईट वाटतं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, वावुनियातले तुमचे साहेब, बरोबरचे ड्रायव्हर, जे कुणी असतील त्यांना आजच फोन लावा. अटॅचमेंटचं एकेक पान त्यांच्याकडून लिहून घ्या. कागद नंतरही शोधता येतील, माणसं आधी गाठा.

एमटी_ड्रायव्हर_फलटण

ताई, तुमच्या बाबांना माझा सलाम. जमालपूरचं आम्हाला ट्रेनिंगला उस्ताद सांगायचे.

पुणेकर जवान, तुझा हेतू चांगला आहे, रागावलो नाही. पण मूळ मेडलच्या कडेवर आपला नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. माझ्या सैन्य सेवा मेडलच्या कडेवर आहे, अंगठ्याने चाचपलं तरी लागतं. दुकानातल्याची कड कोरी. तसं मी लावणार नाही.

सुभेदार साहेब, तुम्ही रजेचं विचारलंत आणि डोक्यात एकदम उजेड पडला. धाकटीचा जन्म १९८८ च्या दिवाळीनंतरचा. मी वावुनियातूनच रजेवर आलो होतो. त्रिंकोमालीहून जहाजाने मद्रास आणि तिथून रेल्वेने. पोरीच्या जन्माचीही पार्ट टू ऑर्डर निघाली होती, कारण फॅमिलीच्या कागदात तिचं नाव आहे. त्याचा उपयोग होईल का?

ताईंचं वाचून काल तिथल्या एका साहेबांचा नंबर मिळवला. तेव्हा ते कॅप्टन होते, पुढे कर्नल होऊन निवृत्त झाले. माझा आवाज ऐकल्यावर त्यांनी मला गाडीच्या नंबरवरून ओळखलं. लिहून देतो म्हणाले.

सुभेदार_क्लार्क_निवृत्त

उपयोग होईल का म्हणून काय विचारता! रजा आणि जन्म, दोन्ही ऑर्डरी नावानिशी मागा. जन्माची ऑर्डर तुमच्या मूळ युनिटने काढली असली तरी तिला आधार म्हणून अटॅच युनिटचं पत्र लागलं असणार. त्या पत्राचा नंबर आणि तारीख ऑर्डरमध्ये आली असेल, तर तुम्ही तेव्हा कुठे होता हे तुमच्याच रेकॉर्ड ऑफिसच्या कागदावरून सिद्ध होतं. मग नोंद आढळत नाही असं म्हणणं त्यांना जड जाईल.

कर्नल साहेबांच्या लेखी जबाबात या गोष्टी आल्याच पाहिजेत : त्यांचा स्वतःचा आयसी नंबर (अधिकाऱ्याचा लष्करी क्रमांक), तेव्हाचं पद आणि युनिट, तुमचा आर्मी नंबर, तुम्ही कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत तिथे होता, आणि काम काय करत होता. तुमच्या शौर्याचं वर्णन नको, तारखा हव्यात. पत्रांवरचे शिक्के स्पष्ट दिसतील अशा झेरॉक्स काढा, मूळ पत्रं कुणालाही पाठवू नका.

आरटीआयचं उत्तर आलं की मुख्य अर्ज ओआयसी रेकॉर्ड्सच्या, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, नावाने, आणि प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कव्हरिंग लेटर घेऊन. विषयात ‘मेडल मिळणेबाबत’ लिहू नका. ‘अटॅचमेंट काळातील सेवेच्या आधारे स्पेशल सर्व्हिस मेडल, क्लास्प श्रीलंका, याची शीट रोलमध्ये नोंद घेऊन पार्ट टू ऑर्डर काढणेबाबत’ असं लिहा. म्हणजे नक्की काय करायचं ते क्लार्कला विषय वाचूनच कळतं. एवढं करूनही लेखी नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे. पण ते नंतर, आणि त्यासाठी नकाराचं पत्र हातात लागतं, म्हणून प्रत्येक पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवा.

आरटीआयचा मसुदा लिहिलात की नंबर झाकून इथे टाका. बघून देतो.