इन्सुलिन सुटतं, पण पुढे काय?

एका पोस्टमध्ये म्हटलंय की मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी शरीरात सोडल्या की टाइप १ मधुमेह बरा, मग मुलांना अजून इंजेक्शनं कशाला टोचायची. व्हर्टेक्स या औषध कंपनीच्या झिमिस्लेसेल या पेशी-उपचाराच्या चाचणीचे २०२५ चे निकाल मोठे आहेतच: पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन टोचणं वर्षभरानंतर बंद होतं. पण मूळपेशींपासून बनवलेले हे आयलेट, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात, आणि शरीराने ते मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू ठेवावी लागतात. त्याच चाचणीत एक रुग्ण क्रिप्टोकोकल (बुरशीमुळे होणाऱ्या) मेंदूज्वराने दगावला. चाचणीत घेतले होते तेही प्रौढच, शुगर धोकादायक घसरली तरी ज्यांना कळत नाही असे. शाळकरी मुलासाठी हा सौदा मला तरी पटत नाही.

माझ्या भाचीला टाइप १ आहे. रात्री सेन्सरचा अलार्म वाजला की ताई ग्लुकोजचं पाणी घेऊन धावते, अर्धवट झोपेतल्या पोरीला घोट घोट पाजते. अशा आईला एका क्लिनिकने सांगितलं, 'हिच्याच पोटातल्या चरबीच्या पेशी टोचतो, इन्सुलिन सुटेल.' फार राग आला. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहावर मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. कुणी असं सांगितलं तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो सीटीआरआयच्या साइटवर स्वतः तपासा. क्रमांक न देता पॅकेजचा दर सांगू लागले, तर तिथून सरळ उठा.